चिनी शिकायला परदेशी जावे काय?

बी. ए. झालेल्या मुलाने किंवा मुलीने एम. ए. च्या वर्गात नाव घालण्यापूर्वी वर्षभर परदेशी राहून चिनी भाषा शिकावी की नाही, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणतील, हे मुंबई-पुण्याच्या बंगल्यांतले प्रश्न. आमच्या गावात बी. ए. झालेल्या पोरापुढे नोकरीचा प्रश्न असतो, चिनीचा कुठला? तसे म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. परंतु मजकडे हा प्रश्न बंगल्यातून आला नाही. तो पनवेल तालुक्यातल्या, कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरातून आला, आणि असा प्रश्न पडणारे ते शेवटचे घर नसावे.

त्या घरची हकीगत थोडक्यात सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे. वडील पावसाळ्यात भातशेती करतात आणि बाकीचे महिने टेम्पो चालवतात. उरणजवळ न्हावा-शेवा येथे 1989 साली मोठे बंदर सुरू झाले, तेव्हापासून पनवेल-उरणच्या पट्ट्यात गोदामांची रांगच उभी राहिली आहे. त्या गोदामांतली खोकी हे टेम्पोने पोचवतात. पुष्कळ खोक्यांवर चिनी अक्षरे असतात. मुलगी लहान असताना ती अक्षरे चित्रासारखी वहीत उतरवून काढी. पुढे ती इतिहास घेऊन बी. ए. झाली. इसवी सन 641 च्या सुमारास ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता आणि राजा पुलकेशी व इथली माणसे ह्यांच्याविषयी त्याने लिहून ठेवले आहे, हे आपण शाळेत शिकतो. उपकार करणाऱ्याचे ऋण न विसरणारी आणि अपकार करणाऱ्याला न सोडणारी माणसे, असे काहीसे वर्णन आहे. हे वर्गात सांगताना आम्हां मास्तरांची छाती जरा फुगते. ह्या मुलीने तास संपल्यावर मला विचारले, "सर, त्यानं हे चिनीत कुठल्या शब्दांत लिहिलंय?"

आता ह्याला मी काय उत्तर देणार? आमच्या हातात आहे ते इंग्रजी. सॅम्युएल बील ह्या इंग्रज पंडिताचे भाषांतर 1884 सालचे. त्यावरून आणि नंतरच्या आणखी एका-दोघांवरून मराठी पुस्तके तयार झाली. म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी एका चिनी माणसाने आमच्याविषयी जे लिहिले, ते आम्ही इंग्रजांच्या तोंडून ऐकतो. मुलीच्या मनाने घेतले की हे आपण मुळातून वाचायचे. प्राचीन इतिहासात एम. ए., पुढे संशोधन, आणि त्याआधी चिनी.

वडील मला भेटायला आले. माणूस सरळ. म्हणाले, "सर, पोरीच्या आड मी येत नाही. पण चीनशी आपलं वाकडं. ती भाषा शिकून हिला इथं उभं कोण करील? रस्त्याच्या कडेचे दोन गुंठे आहेत, ते काढले तर पैसा होईल. पण वरीसभर तिकडं राहून परत आल्यावर पुन्हा कॉलेजच ना? मग आधी कॉलेज का नको?"

श्रोतेहो, ह्या बोलण्यात कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाने मांडावेत तेवढे प्रश्न आले. त्यांतला शेवटचा, म्हणजे आधी काय आणि मागाहून काय, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो पहिल्याने घेतो.

ह्या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर उपलब्ध आहे, आणि ते चिनी माणसाचेच आहे. ह्युएनत्संगानंतर इत्सिंग नावाचा भिक्षू भारतात आला. त्याला नालंदेला शिकायचे होते. सन 671 मध्ये तो कँटनहून जहाजाने निघाला, पण थेट भारतात आला नाही. वाटेत सुमात्रा बेटावर श्रीविजय नावाचे राज्य होते, तेथे तो सहा महिने थांबला आणि संस्कृत व्याकरण शिकला. नंतर बंगालच्या किनाऱ्यावर ताम्रलिप्तीला उतरला, तेथेही वर्षभर राहून भाषा पक्की केली, आणि मग नालंदेला गेला. तेथे तो सुमारे दहा वर्षे राहिला. मागाहून आपल्या देशबांधवांसाठी त्याने लिहून ठेवले की भारतात शिकायला जाणाऱ्याने आधी श्रीविजयाला एक-दोन वर्षे राहून तयारी करावी आणि मगच पुढे जावे. म्हणजे बघा, पदव्युत्तर शिक्षणापूर्वी भाषेसाठी एक वर्ष हा सल्ला काही अमेरिकेतून आलेला नाही. आणि त्यातली खुबी अशी की हे वर्ष त्याने नालंदेच्या दारात घालवायला सांगितले नाही, अलीकडे घालवायला सांगितले. विद्यापीठात शिरल्यावर अध्यापक तुमच्या भाषेसाठी थांबत नाहीत.

आपल्याकडचीही उदाहरणे आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1899 साली घर सोडून निघाले. संस्कृतसाठी पुणे आणि काशी झाली. बौद्ध धर्माचा अभ्यास पालीवाचून होत नाही हे उमगल्यावर 1902 साली ते सिंहलद्वीपाला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले. हाताशी पदवी कसलीच नव्हती. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक झाले, हार्वर्डलाही गेले. घरी बायको आणि तान्ही मुलगी ठेवून असे निघून जावे, हे मी कोणाला सांगणार नाही; कोसंबींचा ध्यास मोठा होता, पण त्याचा भार घरच्यांनी वाहिला. तो भाग चरित्रे वाचताना आपण चटकन ओलांडून जातो.

कोसंबींचेच विद्यार्थी पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. जन्म 1894 चा. ह्यांचा क्रम उलटा. आधी एम. ए., आधी फर्ग्युसनमधली प्राध्यापकी, आणि मग हार्वर्ड. 1932 साली त्यांना तेथली डॉक्टरेट मिळाली तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. त्यांचा विषय काय होता तो सांगण्यासारखा आहे. 'विमुत्तिमग्ग' नावाचा एक जुना बौद्ध ग्रंथ आहे. त्याचे मूळ आज सापडत नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी, आजच्या कंबोडियाच्या बाजूकडून आलेल्या संघपाल नावाच्या भिक्षूने त्याचे चिनीत भाषांतर केले, आणि संपूर्ण असा तो ग्रंथ त्या भाषांतरातच जिवंत राहिला. बापटांनी तो चिनीतून वाचला, बुद्धघोषाच्या पाली 'विसुद्धिमग्गा'शी ओळीओळीने ताडून पाहिला, आणि त्यावरचे पुस्तक 1937 साली पुण्यात प्रसिद्ध केले.

असे ग्रंथ एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत. आपल्या देशात ताडपत्रे कुजली, विहार मोडले, वाचणारे उरले नाहीत. भाषांतर मात्र चीनमध्ये टिकले. चोरांच्या भीतीने एखाद्याने आपला ऐवज शेजाऱ्याकडे ठेवावा आणि पुढे त्या शेजाऱ्याशीच बोलणे बंद व्हावे, तसे आपले झाले आहे. तेव्हा ह्या मुलीचे चिनी शिकणे हा हौसेचा भाग नाही, तिच्या विषयाचे ते नांगरट आहे.

परंतु येथेच एक गोष्ट तिला स्पष्ट सांगावी लागली. आज तैपेईला किंवा पेकिंगला बोलतात ती चिनी आणि ह्युएनत्संगाची चिनी ह्यांत मोठे अंतर आहे. बाजारात भाव करता आला म्हणून जुना ग्रंथ वाचता येईल असे नाही. आपल्याला रोजची मराठी येते म्हणून ज्ञानेश्वरी आपोआप उलगडत नाही, त्यातलाच प्रकार, त्याहून अवघड. बोलीचा पाया घातल्यावर जुन्या भाषेसाठी आणखी वर्ष-दीड वर्ष द्यावे लागते, आणि ते मात्र एम. ए. च्या अभ्यासाबरोबर करता येते.

आता भाषा किती अवघड? अक्षरे अवघड, ह्यात वाद नाही. वर्णमाला नाही, शब्दागणिक चिन्ह. वर्तमानपत्र वाचायला अडीच-तीन हजार चिन्हे तरी ओळखावी लागतात. शिवाय सूर. 'मा' हा एकच उच्चार घ्या. उंच आणि सपाट धरला तर आई. "काय?" असे विचारताना आवाज वर चढतो तसा चढवला तर ताग. खाली नेऊन वर आणला तर घोडा. आणि "बस!" म्हणून दटावताना तोडतो तसा तोडला तर शिवी देणे. हे भाषण पुस्तिकेत वाचणाऱ्यांनी चारही उच्चार मोठ्याने करून पाहावेत, घरातल्यांना आधी कल्पना देऊन! ही सुरांची तालीम पुस्तकाने होत नाही. ती ऐकण्याने होते, आणि चूक झाली की समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसते, त्याने होते. परदेशी जाण्याच्या बाजूने मला दिसणारे सर्वांत बळकट कारण हेच.

पण मराठी माणसाला ह्या भाषेत काही सवलतीही आहेत, आणि त्या आपल्या शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगाव्यात. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख ह्यांतला भेद महत्त्वाचा आहे. इंग्रजाला तो ऐकूच येत नाही. आपला पहिलीतला मुलगा तो करतो. चिनीचे रोमन लेखन 1958 पासून रूढ झाले, त्यात प साठी इंग्रजी ब चे अक्षर वापरतात. म्हणून आपण वर्तमानपत्रात 'बीजिंग' छापतो. तिथला माणूस म्हणतो ते 'पेइचिंग'च्या जवळचे आहे. देवनागरीत लिहून घेणारा विद्यार्थी ह्या घोटाळ्यातून सुटतो. आणि आपले दोन च! 'चिंच' हा शब्द म्हणून पाहा. त्यातला पहिला च निराळा आणि दुसरा निराळा. लिहिताना एकच अक्षर, पण तोंडात दोन. चिनीत हे दोन्ही च आहेत आणि आणखी एक तिसरा आहे, जीभ ट च्या जागी नेऊन करायचा. इतरांना तीन नवे उच्चार शिकावे लागतात, आपल्याला एक.

व्याकरण तर आमच्या मुलांना वरदान वाटेल. लिंग नाही, विभक्ती नाही, मी जातो-ती जाते अशी क्रियापदाची रूपे नाहीत. आपण "चार जण आले", "पाच नग पाठवा" म्हणतो, तसा प्रत्येक वस्तूला काही ना काही मोजणीचा शब्द लावावा लागतो, एवढी मात्र कटकट आहे. आकडे सरळ. एकोणचाळीस म्हणायला चिनी मुलगा 'तीन-दहा-नऊ' म्हणतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आले तेव्हा केवढा गदारोळ झाला, तो शिक्षकांना आठवत असेल. चीनमध्ये त्याच पद्धतीने सगळे हिशेब चालतात, आणि हिशेबात ते लोक काही मागे नाहीत. असो, तो वाद आज नको.

आता तासांचा हिशेब करू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. तिचा अंदाज असा की इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती यायला 600 ते 750 तास लागतात. चिनीला 2200 तास. त्यांतला निम्मा काळ त्या देशात घालवावा असेही ती शाळा सांगते. उरलेला निम्मा कुठे? घरी! ह्याकडे आपल्या मुलांचे लक्ष जात नाही. तैवानमधल्या भाषावर्गात आठवड्याला साधारण 15 तास शिकवतात. नऊ महिन्यांचे 36 आठवडे धरले तर 540 तास झाले. घरच्या अभ्यासाचे तेवढेच धरा, हजार-अकराशे झाले. म्हणजे वर्षभराने भाषा 'येऊन' कोणी परतत नाही. कोऱ्या पाटीने जो जातो त्याचे पहिले तीन-चार महिने अक्षरांची वळणे आणि "माझे नाव अमुक" ह्यांतच जातात. तेवढे कर्नाळ्याच्या पायथ्यालाही होते. हल्ली फोनवर शिक्षक भेटतो, सूर ऐकता येतात, वही-पेन्सिल तर घरचीच.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले की आधी आठ महिने घरी शीक. तीनशे-चारशे अक्षरे हाताखालून जाऊ देत. कंटाळा आला तर कळेल की ही हौस होती, आणि ते घरी कळलेले बरे. दोन गुंठे विकून कळण्यात शहाणपण नाही.

गुंठ्यांविषयी मी फार स्पष्ट बोललो. पनवेलच्या बाजूला जमिनीला आज जो भाव आहे तो सर्वांना ठाऊक आहे. 2025 च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधीपासूनच दलालांच्या फेऱ्या दारोदार चालू आहेत. जमीन विकायला उशीर होत नाही, परत मात्र मिळत नाही. भाषा शिकण्यासाठी जमीन विकू नये, कर्जही काढू नये. ह्या कामासाठी शिष्यवृत्त्या आहेत. चीन सरकारची शिष्यवृत्ती आहे. तीत फी, राहणे आणि दरमहा खर्चाची रक्कम असते. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची केवळ भाषा शिकण्यासाठी निराळी शिष्यवृत्ती आहे. ती तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतची मिळते. दरमहा पैसे देतात, पण वर्गाची फी आणि विमानाचे भाडे आपल्याला भरावे लागते. हा फरक अर्ज करण्यापूर्वी समजून घ्यावा. शिष्यवृत्ती म्हणजे सगळे फुकट, अशा समजुतीने निघालेला मुलगा तिकडे पहिल्याच महिन्यात अडचणीत येतो.

पेकिंग की तैपेई? व्यापारासाठी शिकणाऱ्याने चीनकडे पाहावे. तेथे 1956 पासून अक्षरे सोपी केली आहेत, आणि बंदरात येणाऱ्या खोक्यांवर तीच असतात. पण जुने ग्रंथ जुन्या, पूर्ण अक्षरांत आहेत आणि तैवानमध्ये आजही तीच शिकवतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तैवान सोयीचे. तैपेईच्या अध्यापन विद्यापीठातले चिनी भाषेचे केंद्र 1956 पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिकवीत आले आहे. मुलीच्या आईने मला फक्त एकच विचारले, "तिथं जेवायला काय?" भात आणि मासळी, असे सांगितल्यावर तिची निम्मी काळजी गेली. शाकाहाऱ्यांनीही भिऊ नये. तैवानमध्ये बौद्ध शाकाहारी खानावळी पुष्कळ आहेत.

आता "चीनशी आपलं वाकडं" ह्याविषयी. वाकडे आहे हे खरेच. 1962 चे युद्ध वडीलधाऱ्यांनी पाहिले, 2020 च्या जूनमधली गलवानची चकमक सर्वांनी पाहिली. पण दिल्लीला संरक्षण खात्याची परदेशी भाषांची शाळा आहे आणि तीत चिनी शिकवतात. ज्याच्याशी भांडण त्याची भाषा शिकू नये, असे आपल्या सैन्याला वाटत नाही. मग आपण का वाटून घ्यावे? आणि वाकडे नव्हते तेव्हाचीही आठवण ठेवावी. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते भाषा शिकायला नव्हे, जखमींची सेवा करायला. पण रोग्याशी बोलल्यावाचून शस्त्रक्रिया कशी व्हायची? ते चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, आणि 9 डिसेंबर 1942 ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले.

वाकडेपणाचा खरा धोका निराळा आहे. तो विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाला आहे. भारत सरकारने 1947 साली काही विद्यार्थ्यांना चिनी शिकण्यासाठी पेकिंगला पाठवले. त्यांत पुण्याचे वसंत परांजपे होते. ते तेथे असतानाच 1949 साली राज्य पालटले. गेले एका राजवटीत, शिकले दुसरीत! त्यांचे शिक्षण फुकट गेले नाही. 1954 साली पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाषाचे काम त्यांनी केले. पण सर्वांचेच नशीब असे नसते. 2020 च्या आरंभी साथ आली, चीनने दरवाजे लावले, आणि तेथे शिकणारे आपले विद्यार्थी, त्यांत वैद्यकीचे फार, दोन वर्षांहून अधिक काळ घरी बसून राहिले. विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळू लागला तो 2022 च्या ऑगस्टपासून, आणि थेट विमाने सुरू व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. ह्यात त्या मुलांचा काय अपराध? तेव्हा वर्षाची आखणी अशी असावी की ती मध्येच मोडली तरी डोक्यावर कर्ज राहू नये आणि एम. ए. चा रस्ता बंद होऊ नये.

तर मग आधी कॉलेज का नको? ह्या मुलीच्या बाबतीत माझे उत्तर असे होते: शिष्यवृत्ती मिळाली तर आधी जावे, न मिळाली तर वाट पाहत बसू नये, जूनमध्ये एम. ए. ला नाव घालावे आणि पदवीनंतर पुन्हा अर्ज करावा. आधी जाणे चांगले म्हणतो त्याला कारण मेंदू तरुण असतो वगैरे नाही. बापट अडतिसाव्या वर्षी डॉक्टर झाले हे आताच सांगितले. कारण व्यवहाराचे आहे. एम. ए. झाले की नेट-सेटची परीक्षा, मग तासिकेवरच्या नोकरीसाठी धावपळ, आणि मुलगी असेल तर लग्नाची बोलणी. त्या घाईत भाषेचे वर्ष कुठे बसतच नाही. शिवाय संशोधनाचा विषय एम. ए. त असतानाच मनात धरला जातो, आणि जी भाषा येत नाही तिच्यातला विषय कोणी धरीत नाही.

सर्वांनीच जावे, असे मात्र मी म्हणत नाही. परराष्ट्र सेवेत जायची इच्छा असेल तर आधी परीक्षा द्यावी. निवड झाल्यावर सरकार स्वतः भाषा ठरवून देते आणि शिकायला पाठवते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी घेऊन पदवीपासून शिकता येते. शांतिनिकेतनला 1937 पासून चीनभवन आहे, काशीच्या हिंदू विद्यापीठातही सोय आहे. बारावी झालेल्या मुलाने परदेशाचे नाव काढण्यापूर्वी ह्या दारांकडे पाहावे. खर्च थोडा आणि पदवीही हाती. ज्याला नुसती दुभाषाची नोकरी हवी, त्याला माझे सांगणे की भाषेला जोड हवी. तळोज्याच्या औषध कारखान्यात चीनमधून कच्चा माल येतो. तेथे रसायनशास्त्र आणि चिनी दोन्ही जाणणारा माणूस लागतो. नुसती चिनी जाणणाऱ्याची जागा फोनमधले भाषांतर-यंत्र खाऊ लागले आहे. भाव विचारायला ते यंत्र पुरते. करारातल्या आडवळणाच्या कलमाला ते पुरत नाही, आणि सहाव्या शतकातल्या ग्रंथापुढे तर त्याची फारच तारांबळ उडते.

खेड्यातल्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. एखादा मुलगा असा जगावेगळा विषय घेऊन आला तर "आधी बी. एड. करून घे" हे वाक्य चटकन तोंडात येते. ते त्याच्या भल्यासाठीच असते. पण त्याआधी त्याला विचारा की त्या भाषेत तुला वाचायचे काय आहे? उत्तर नेमके आले तर त्याला मदत करा. "मला परदेशी जायचंय" एवढेच आले तर त्याला आणखी विचार करू द्या. अर्जाला शिफारसपत्र लागते. "विद्यार्थी वर्तनाने चांगला व नियमित आहे" असल्या पत्राने काही होत नाही. त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणते पुस्तक शोधून वाचले, ते लिहा. आणि तो स्वतः लिहील तो हेतूचा मजकूर चार वेळा त्याच्याकडून लिहून घ्या.

ह्या मुलीचे घरचे आठ महिने अजून पुरे व्हायचे आहेत. रोज पहाटे, वडील टेम्पो काढण्यापूर्वी, तिची अक्षरे गिरवून होतात. गुंठे जागेवर आहेत. वडिलांनी तिच्याकडून 'नाजूक' आणि 'ही बाजू वर' ही दोन चिनी सूचनांची अक्षरे शिकून घेतली, आणि आता खोके उलटे ठेवणाऱ्या हमालाला ते ओरडतात म्हणे.

जाता जाता कागदपत्रांविषयी सांगतो, कारण आपल्याकडची मुले अडतात ती पुष्कळदा तेथेच. तैवानच्या शिष्यवृत्तीचे अर्ज साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतात आणि वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. म्हणून पासपोर्ट आदल्या दिवाळीपूर्वी हातात असावा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पदवीच्या कागदावर वडिलांचे नाव आधी आणि आडनाव शेवटी, ही आपल्या भागातली रोजची गोष्ट आहे. ह्या सर्व कागदांवरची इंग्रजी अक्षरे एकसारखी आहेत की नाहीत ते आजच काढून पाहा. नसतील तर दुरुस्तीला दोन-तीन महिने सहज जातात, आणि तेवढ्यात अर्जाची मुदत निघून जाते.